नकाशावरचं कुंकू

बायको गेली त्याला हा दुसरा हिवाळा. तिच्या साड्या पोरगी लीड्सला घेऊन गेली. मोठी भांडी मला लागत नाहीत. तिचं म्हणावं असं उरलंय ते अलॉटमेंटवर. कौन्सिलनं भाजी लावायला दिलेला जमिनीचा तुकडा, चार खाटा टाकल्या की संपला. तिथली माती पिवळी, चिकट. कुदळ मारली की कुदळच अडकून बसायची. बायकोनं वर्षानुवर्षं चहाचा चोथा, भाजीची देठं, तबेल्यातली लीद घालून ती काळी केली. मी जन्मभर वेअरहाऊसमध्ये खोकी उचलली. त्यातलं दाखवायला माझ्याकडं काही नाही. तिच्याकडं मेथी होती.

गेल्या महिन्यात शेजारच्या प्लॉटचा गोरा म्हातारा दारात आला. पूर्वी बस चालवायचा, अजून हॉर्न दिल्यासारखाच बोलतो.

‘कोट घाल. कम्युनिटी हॉलमध्ये चल. आपली जमीन घरांना देतायत.’

हॉलमध्ये अख्ख्या काउंटीचा नकाशा भिंतभर लावला होता. पुढं घरं कुठं, शाळा कुठं, दवाखाना कुठं, मोकळं रान कुठलं ठेवायचं, सगळं रंगवून ठेवलेलं. आमच्या अलॉटमेंटवर नारिंगी रंग. नारिंगी म्हणजे घरं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

बाजूला जुना नकाशा टांगला होता. बायको होती तेव्हा, पहिल्या वेळी, कौन्सिलनं लोकांचं मत विचारलं होतं, त्या वेळचा. प्रत्येकाला चिकटवायचे ठिपके दिले होते. जागा आहे तशी ठेवायची असली तर हिरवा, घरं बांधायची तर लाल. आमच्या अलॉटमेंटवर हिरवेच हिरवे, आणि मधोमध एकच लाल.

म्हातारा भडकला. ‘कोण हा गाढव? आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे!’

मला माहीत होतं कोण ते.

त्या दिवशी आम्ही दोघं आलो होतो. मी चहाच्या रांगेत. कप घेऊन आलो तर ही नकाशासमोर उभी, बोटावर लाल ठिपका. वर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, आणि मी वाचायच्या भानगडीत पडलो नाही.

‘अहो, आपला तुकडा कुठला ते दाखवा.’

मी दाखवला. तिनं ठिपका लावला, अंगठ्यानं दाबला आणि हात जोडले. घरात नवी वस्तू आली की ती कुंकू लावायचीच. फ्रीजला लावलं, पोरीच्या गाडीला लावलं, बॉयलरलासुद्धा. बॉयलरवाला ते बघून गंज आलाय म्हणाला होता.

‘सगळे हिरवे लावतायत बघ,’ मी म्हटलं.

‘लावू देत. मला काय जमिनीला बांगड्या भरायच्यात?’

आता हे म्हाताऱ्याला कसं सांगायचं? मी टेबलाकडं गेलो. कौन्सिलची पोरगी बसली होती. माझं इंग्रजी ऐकून तिनं थेट मराठीतच विचारलं, ‘काका, तुम्ही कुठले?’ पुण्याची निघाली.

‘तो लाल ठिपका माझ्या बायकोचा,’ मी म्हटलं. ‘तिनं कुंकू लावलं. घरं बांधा असं नव्हतं म्हणायचं तिला. ती आता नाही. तिच्यामुळं गेली का जमीन?’

पोरीचं तोंड उतरलं. ‘नाही हो, काका. ठिपक्यांवर डिसाइड होत नाही. लोकांना काय वाटतं ते कळावं म्हणून लावतात. घरं किती लागतील ते आधी ठरतं, मग रस्ता, ड्रेनेज, शाळा जवळ असलेली जमीन शोधतात. ही साइट स्टेशनजवळ आहे, आणि कौन्सिलचीच आहे.’

‘म्हणजे तिनं हिरवा लावला असता तरी गेली असती?’

‘फायनल नाहीये अजून. तुम्ही ऑब्जेक्शन द्या, सरकारचे प्लॅनिंग इन्स्पेक्टर बघतील. आणि बदल्यात रिंगरोडपलीकडं नवे प्लॉट आहेत.’

‘तिथली माती कशी आहे?’

‘ते मला नाही माहीत.’

‘पिवळी असणार.’

तिनं कीबोर्ड पुढं ओढला. ‘सांगा काका, मी लिहिते.’

‘लिही. लोकांना घरं लागतात, मला कळतं. माझी पोरगीच भाड्याच्या घरात आहे. पण बांधणारच असाल तर आधी ती काळी माती उचलून पलीकडं न्या. ती माझ्या बायकोनं केलीय.’

‘असं कुणी मागितलं नव्हतं अजून,’ ती म्हणाली, आणि तिनं लिहिलं.

परत येऊन म्हाताऱ्याला खरं ते सांगितलं. त्यानं टोपी काढली, परत घातली.

‘त्या कडू पाल्याच्या जुड्या द्यायची मला,’ तो म्हणाला. ‘मी सशाला घालायचो.’

‘तिला माहीत होतं.’

‘तरी द्यायची?’

‘तरी द्यायची.’

तो जुन्या नकाशाकडं गेला. मग नखानं लाल ठिपका उचकटायला लागला. ‘काढून टाकतो. उगाच कुणी तिला नावं ठेवायला नको.’

मी त्याचं मनगट धरलं. ‘राहू दे.’

दुसऱ्या दिवशी अलॉटमेंटवर गेलो. इन्स्पेक्टर काय बघायचं ते बघेल, माझा त्याच्यावर काही भरवसा नाही. एक बादली भरून माती घरी आणली. जड होती, वाटेत दोनदा टेकवली.

बादली मागच्या दाराशी ठेवलीय. मेथी अजून टाकली नाही. उगवली तर निवडायला कोण आहे?