बंधुराजांचे शंभर ग्रॅम

आमच्या बंधुराजांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि घरात कुणाशी सरळ बोलणंच सोडलं. पंखा बिघडला की आई आशेनं त्याच्याकडे बघायची. तो म्हणायचा, "ते वायरमनचं काम आहे." शाळेत शिकव म्हटलं, तर खडूची ॲलर्जी. बँकेची परीक्षा म्हणजे बुद्धीचा अपमान. हवामान खात्यात जागा निघाली, तर "पाऊस मोजत बसू?" म्हणे. संशोधनच करणार होता ना! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बाबा निवृत्त झाले, तरी महाशय आपले पलंगावर लोळून विश्वाचा विचार करत होते.

कॉलेजात त्यानं काय दिवे लावले, ते मला ठाऊक होतं. प्रयोगाचं उत्तर आधी पुस्तकात बघायचं, मग उलटी आकडेमोड करून मोजमापाची वाचनं लिहायची. सगळा वर्गच करायचा. पण हा त्यात पटाईत. एखादं वाचन किंचित कमी, एखादं किंचित जास्त, सरासरी बरोब्बर. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी!

शेवटी वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. वयाची मर्यादा संपत आली होती. ही संधी गेली की सरकारी नोकरीचं दार कायमचं बंद. तिथं त्याच्या हातात एक पितळी वजन दिलं, वर शंभर ग्रॅम कोरलेलं. पाच वेळा तोलायचं होतं. बंधुराजांनी पाच सुबक आकडे लिहिले. सरासरी शंभर.

"याचा तळ आम्हीच कानशीनं घासलाय," तिथले साहेब म्हणाले. "चांगले पाच ग्रॅम कमी भरतं. या आपण."

घरी येऊन वर तोंड करून मलाच विचारतो, "असं फसवतात का गं, ताई?"

"अरे ठोंब्या, तराजूत ठेवलं तरी होतंस का?"

"ठेवलं होतं. पाचही वेळा कमीच भरलं."

"मग तेच लिहायचं ना!"

"कॉलेजात पहिल्या वर्षी लिहायचो. दिसेल ते. सर पान फाडून हातात द्यायचे. म्हणायचे, पुस्तकापेक्षा शहाणा झालास का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या सरांना मी ओळखते. मोठा सत्कार झाला त्यांचा, आता आरामात पेन्शन खातात. आणि आमचा हा घोडा वय उलटून घरी बसलाय.