तळाशी ठेवलेले कागद

मुलीचे जुने अहवाल तारखेप्रमाणे लावायला बसलो, तेव्हा घरात काही विचारावे असे माणूस उरलेले नव्हते. मुलगी रांगत होती तेव्हाच पत्नी गेली. सासूबाईंनी नातीला आरमोरीकडच्या आपल्या गावी नेले. मी त्या वेळी मराठवाड्यातल्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. पुढे चंद्रपूरला प्रतिनिधी म्हणून बदली झाली आणि मुलीला मी जवळ आणले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सासूबाई वारल्या. त्यांच्या घरून आलेल्या रेक्झिनच्या पिशवीत मुलीच्या आजाराचा सगळा इतिहास कोंबलेला होता. रक्ताचे अहवाल, पोटाच्या फोटोचे लिफाफे, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळे एकमेकांत अडकलेले. जवळपास प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचे बोट लागलेले होते. सासूबाई अहवाल आधी देवापुढे ठेवत आणि मगच डॉक्टरांना दाखवत. बोट लावत तिथेच नेमकी तारीख छापलेली असे.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते. आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण त्या हिवाळ्यात तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, नागपूरचे रक्तविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा चंद्रपूरला येतात, त्यांना दाखवा. सगळे जुने अहवाल क्रमाने लावून न्या. विशेषतः हाडातल्या मगजाची तपासणी पूर्वी झाली असेल तर तो कागद हवाच. तो नसेल तर रक्ताचा कर्करोग नाही ना हे पाहण्यासाठी ती तपासणी पुन्हा करावी लागेल. ती झाली होती हे मुलीला पक्के आठवत होते. तेव्हा ती चार वर्षांची होती. आजी दूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली होती, कमरेच्या हाडात जाड सुई घातली होती, एवढेच तिला सांगता येई. त्यानंतर साध्या इंजेक्शनलाही तिचे हातपाय गार पडत. मी कागद लावत होतो तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, सापडला का तो कागद?"

"शोधतो आहे."

"नाई सापडला तं पुन्हा सुई घालन का ते?"

मी म्हणालो, सापडेल. असे उत्तर आमच्या कार्यालयात कुणी दिले असते तर मी विचारले असते, कशावरून?

कागद सापडला होता, हीच खरी अडचण होती. मगजाच्या तपासणीचा एक अहवाल आणि त्याच दवाखान्यातल्या रक्ताच्या दोन चिठ्ठ्या पिशवीत होत्या. कर्करोग नाही असे अहवालात स्पष्ट लिहिले होते. वय चार. पण तिन्हींवर नाव होते कचराबाई लटारू मेश्राम. माझ्या मुलीचे नाव संध्या. आमच्या दोन्ही घरांत लटारू नावाचे कुणी नाही आणि मेश्राम हे आमचे आडनावही नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलीचा कागद गर्दीत आपल्याकडे आला असेल, असे मला वाटले. मुलीला विचारून पाहिले, तुला कुणी कधी कचराबाई म्हणायचे का? ती हसली. "काऊन? मी काय कचरा हाय?"

वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाला एक शिस्त लागलेली असते. एका ठिकाणाहून कळलेले दुसऱ्या ठिकाणाहून पडताळून घ्यायचे आणि पडताळता आले नाही तर छापायचे नाही. इथे पडताळायला दुसरे ठिकाणच नव्हते. पत्नी नाही, सासूबाई नाहीत. त्या मोठ्या दवाखान्याला फोन लावला तर जुन्या नोंदी पाहायला स्वतः या, असे सांगून त्यांनी फोन ठेवला. हा कागद आपलाच आहे असे मी डॉक्टरांना सांगितले असते तर मुलीची सुई वाचली असती. पण तो दुसऱ्या कुणाचा असता तर दुसऱ्याच्या मुलीच्या निरोगी हाडावर विसंबून मी माझ्या मुलीचा आजार अंगावर काढला असता. शेवटी बाकीचे कागद तारखेप्रमाणे लावले. जिथे हळदीने तारीख झाकली होती तिथे वजन आणि औषधे पाहून क्रम ठरवला. ते तीन कागद फाइलच्या अगदी तळाशी ठेवले आणि वर चिठ्ठी लावली, 'नाव जुळत नाही'. त्या दुपारी फार एकटे वाटले. मूल आजारी असते तेव्हा त्याला ताप आधी आला की अंग आधी दुखले, एवढे आठवणारे दुसरे माणूस घरात लागते. ते नसले की आपल्या मुलीची माहितीही कागदांतून गोळा करावी लागते, परक्याची करावी तशी.

तपासणीच्या सकाळी रिक्षा महाकालीच्या देवळाजवळून जात होती. मुलीने थांबायचा हट्ट धरला. आजीबरोबर ती तिथे येऊन गेली होती. पत्नी गेल्यापासून मी कुठल्या देवळात शिरलो नव्हतो. भांडण नव्हते, बोलणे थांबले होते एवढेच. मुलगी आत गेली आणि मी चपला सांभाळत बाहेर उभा राहिलो. उभ्या उभ्या मनात एक वाक्य आले. मला जेवढे शोधता येत होते तेवढे शोधून झाले, पुढचे तू बघ. ही प्रार्थना होती की कंटाळा, हे त्या क्षणी मला सांगता आले नसते. मुलगी कपाळभर कुंकू लावून बाहेर आली आणि आम्ही निघालो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकांवर जागा नव्हती. एका भिंतीला पाठ लावून काही बाया-बाप्ये खालीच बसले होते. पलीकडेच बाळंतिणींचा वॉर्ड असल्यामुळे त्यांचे नातेवाईकही याच व्हरांड्यात पथारी टाकून होते. कंपाउंडरने सगळ्यांच्या फाइली गोळा केल्या आणि टेबलावर रचल्या. रचताना त्याने माझी फाइल पालथी ठेवली असावी. कारण आमची पाळी आली तेव्हा ती उलट्या बाजूने उघडली गेली आणि त्याने माझी चिठ्ठी बाजूला सारून वरच दिसणारे नाव मोठ्याने वाचले.

"कचराबाई लटारू मेश्राम! कोन हाय? चला लवकर, साहेबाले जायचं हाय!"

मी उठून त्याला चूक सांगणार, तेवढ्यात भिंतीजवळची एक बाई ताडकन उठली. पन्नाशीची, काळी, बारीक, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली. ती थेट टेबलाशी आली.

"लटारू मेश्राम तं माह्या मालकाचं नाव हाय. कचरी कुठी हाय? माही कचरी कुठी हाय?"

"तुमची पेशंट हाय का बाई?"

"माही पोरगी हाय. इकत घेतली हाय म्या."

कंपाउंडर माझ्याकडे पाहू लागला. मी पुढे होऊन सांगितले की फाइल माझ्या मुलीची आहे आणि ते नाव चुकून तिच्यात आले आहे. बाईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती संध्याकडे पाहत होती. जवळ जाऊन तिने मुलीची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवले.

"हेच ते. आजीचं नाक. कुठी हाय गं म्हातारी?"

सासूबाई गेल्या, असे मी सांगितले. बाई तिथेच खाली बसली. तिने पदराने डोळे पुसले आणि मग ती माझ्याशी नीट बोलली.

तिचे नाव पार्वताबाई. वैनगंगेच्या काठचे गाव, घरचा धंदा मासेमारीचा. चार वर्षांपूर्वी तिचा धाकटा मुलगा काविळीने त्या मोठ्या दवाखान्यात होता आणि शेजारच्या खाटेवर सासूबाई नातीला घेऊन होत्या. हाडात सुई घालायची हे ऐकल्यावर सासूबाईंचा धीर सुटला. आमच्याकडे जुनी रीत आहे. मूल जगेना असे वाटले की जिची मुले जगली आहेत अशा बाईला ते सुपात घालून मूठभर कोंड्याला विकून टाकायचे आणि त्याला टाकाऊ नाव द्यायचे, म्हणजे वाईट नजर त्याच्याकडे वळत नाही. मी ही रीत ऐकून होतो. ती माझ्या घरात पाळली गेल्याचे मला कुणी सांगितले नव्हते.

"माहे चारी पोरं जगले ना भाऊ, म्हणून म्हातारी माह्या मागं लागली. आता दवाखान्यात सूप कुठून आनावं? मंग माह्या मासोळीच्या टोपल्यात टाकली इले. कोंडा भेटला नाई तं फाटकासमोरच्या टांगेवाल्याकडून घोड्याचा आनला. पोरगी आठ दिवस मासोळीवानी वास मारे." ती हसली. "मंग बाबूनं नाव इचारलं तं म्हातारी म्हने, आता इचं नाव कचराबाई लटारू मेश्राम. माह्याच नावावर कागद झाला."

संध्याने हळूच विचारले, "सुई घातली तवा तू होती?"

"होती म्हंजे? डाव्या अंगाले घातली. तुले म्याच धरलं व्हतं. तू काय केलं मालूम हाय का?" पार्वताबाईने उजवा हात पुढे केला. अंगठ्याखाली दातांची जुनी खूण होती. "कचाकच चावली. एवढी ताकद हाय, मंग बिमार काऊन म्हनते?"

कंपाउंडरने आम्हा तिघांनाही आत सोडले. डॉक्टर वयाने माझ्याएवढेच होते, थकलेले. त्यांनी पार्वताबाईचे सगळे ऐकून घेतले, एकदाही हसले नाहीत. मग मुलीला पालथे झोपवून तिची कंबर तपासली. डाव्या बाजूला सुईची बारीक खूण होती. त्यांनी मी लावलेली फाइल पहिल्यापासून चाळली. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अहवालांमध्ये एक खंड पडला होता, तो मलाही लावताना जाणवला होता. तळाशी ठेवलेले तीन कागद तारखेने नेमके त्या खंडात बसत होते. रक्तगट तोच, मागचेपुढचे आकडेही जुळणारे. तेव्हाही पांढऱ्या पेशी अशाच कमी झाल्या होत्या आणि मगज स्वच्छ होता.

"हा जुनाच प्रकार आहे," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा कशाने सावरली तेही यात आहे. आता औषध देऊ आणि रक्त पाहत राहू. हाडाची तपासणी करायची मला गरज वाटत नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. तिने पार्वताबाईचा पदर धरला होता.

बाहेर आल्यावर मी त्या बाईंना विचारले, तुम्ही आज इथे कशा? सुनेचे बाळंतपण, दुसरे काय. बाळ होऊन गेले होते. सुट्टी आदल्या दिवशीच मिळाली होती, पण गावची गाडी आली नाही म्हणून त्या व्हरांड्यात थांबल्या होत्या. गाडी का आली नाही, फाइल पालथी का पडली, या गोष्टींना साधी कारणे आहेत आणि ती मला ठाऊक आहेत. मी त्यांना दुसरे नाव देत नाही. सकाळी देवळाबाहेर मी काय म्हणालो होतो, एवढेच त्या व्हरांड्यात मला आठवले आणि रडू आले. इतक्या वर्षांत मी कुणापुढे रडलो नव्हतो. पार्वताबाईंनी चहा आणायला सांगितला, तोही माझ्याच पैशाने.

रिवाजाप्रमाणे मूल बरे झाले की साडीचोळी आणि नारळ देऊन ते परत सोडवून आणायचे असते. ते सासूबाईंच्या हातून राहून गेले होते. मला अर्धवट राहिलेली गोष्ट चैन पडू देत नाही. औषधाने पेशी सावरल्या तशी पुढच्या उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन वैनगंगेच्या काठी गेलो. पार्वताबाईंनी साडी घेतली, नारळ फोडला, मासोळीचे कालवण जेवू घातले. पण सोडवायचा विषय काढला तेव्हा त्यांनी विचारले, "पुरी बरी झाली का?" मी खरे ते सांगितले. हा आजार पुरता जात नाही, जन्मभर सांभाळावा लागतो.

"मंग राहू द्या ना माह्याच नावावर."

त्याला आता बरीच वर्षे झाली. संध्याला अजूनही कधी कधी दवाखान्यात ठेवावे लागते. तिची फाइल जाडजूड झाली आहे आणि अजून मीच ती लावतो. क्रम चुकू देत नाही. ते माझे काम आहे. पण फाइल मिटल्यावर पुढचे सगळे आपल्याच पाहण्यावर अवलंबून आहे, असा जो ताण पूर्वी छातीत बसलेला असे, तो राहिला नाही. देवीच्या देवळात मी आता आत जातो. मागत काही नाही. मी एकटाच संध्याचा आहे असे समजून जी वर्षे काढली, त्या वर्षांत कोणीतरी हिला आपल्या टोपलीत घेऊन ठेवले होते, हे देवीपुढे उभे राहून आठवतो आणि हात जोडतो.

दर उन्हाळ्यात आम्ही नदीकाठी जातो. परत निघताना पार्वताबाई गाडीपर्यंत येतात, मुलीच्या पिशवीत सुकटीची पुडी कोंबतात आणि खिडकीतून मला दरवेळी तेच सांगतात.

"माही पोरगी तुमच्यापाशी ठेवली हाय, भाऊ. नीट सांभाळजा."

मी हो म्हणतो.