वरमाईचे भरलेले गाल

मुरबाडला शेजारणीच्या मुलीच्या लग्नात वरमाईला हळद लावायला मला बसवलं. बाई मुंबईची. सारखी पर्समधल्या आरशात बघायची. मी हात उचलताच ओरडली, “आजी, गाल चोळू नका! परवाच गाल भरायची इंजेक्शनं घेतलीत. हाडाजवळ घट्ट औषध, वर मऊ. दाबलं तर सरकेल, लग्नाचे फोटो बिघडतील.”

“म्हंजे आमच्या कुडाच्या भिंतीसारखं गो! आधी जाड चिखल, वरून सारवण.”

मांडव हसला. पण वरमाई कोरडी ठेवणं बरं नाय, म्हणून मी आंब्याच्या पानानं हळद नुसती टेकवली. तिलाही हसू फुटलं.

“हसू नको, सरकेल.”

“सरकू दे. हसायलाच भरलेत,” ती म्हणाली आणि माझ्या बसक्या गालांना कचकचून हळद फासली.