जबल काराच्या गुहेतलं ड्रिल

अठरा मुलं, अकरा बायका, सात पुरुष. सगळ्यांच्या नावापुढे टिक करून मी शिट्टी वाजवली. सायरन झाल्यावर काय करायचं, त्याचं आमचं पहिलं ड्रिल सुरू झालं.

जानेवारी १९९१. सौदी अरेबियातल्या हुफूफच्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. इराकी क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येईल, अशी सगळ्यांना धास्ती. कंपनीने गॅस मास्क दिले, पण मोठ्यांच्याच मापाचे. मुलांचं काय? मी जबल कारा सुचवला. आमच्या कॉलनीला लागूनच असलेला हा डोंगर. पायथ्याशी कुंभारांची दुकानं, आत उंच, अरुंद गुहा. लोक सहलीला येतात. ऑगस्टमध्ये आम्हीही गेलो होतो. तेव्हा गुहेच्या तोंडातून गार वारा बाहेर येत होता. वारा बाहेर येतो, म्हणजे बाहेरचं काही आत जाणार नाही, असा माझा हिशेब. प्रोजेक्ट मॅनेजर फडणीस साहेबांनी प्लॅनवर सही केली.

जोशी वहिनी पुऱ्यांचा डबा घेऊन आल्या. "भाऊजी, चादर अंथरू का?"

"वहिनी, हे ड्रिल आहे."

"मग ड्रिलमध्ये भूक लागत नाही?"

लोक हसले आणि आत जाऊन बसले. पाचच मिनिटांत आतून खोकला ऐकू आला. एकाचा, मग चार-पाच जणांचा. गुहेत पांढरट धूर होता. हल्लाच झाला असं वाटलं. मग वास ओळखला : खजुराच्या झावळ्या जळत होत्या. खाली कुंभाराने भट्टी पेटवली होती आणि तिचा धूर सरळ आत शिरत होता. सगळ्यात लहान मुलं मी सगळ्यात आत बसवली होती. सुरक्षित म्हणून. वहिनींची तीन वर्षांची मुलगी श्वासासाठी धडपडत होती.

"बाहेर! सगळे बाहेर!"

मोकळ्यावर येताच मुलीचा श्वास सुरळीत झाला. वहिनी तिला कडेवर घेऊन गाडीत जाऊन बसल्या.

आमचे ड्रायव्हर हसनभाई मूळचे रत्नागिरीचे, वीस वर्षं हुफूफमध्ये. म्हणाले, "साहेब, हा डोंगर उन्हाळ्यात वारा बाहेर टाकतो, थंडीत आत ओढतो. इथल्या कुणालाही विचारा."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही यादी वाचलीत, मी गाडी काढली."

खरंच होतं. थंडीत आतली उबदार हवा वरच्या फटींतून निघून जाते आणि तिच्या जागी खालून बाहेरची हवा येते. असे विषारी वायू बहुतेक हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत राहतात. म्हणजे मी अठरा मुलांना धुराड्यात बसवलं होतं.

"आता?" फडणीस साहेबांनी विचारलं.

"प्रत्येक बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक खोली. खिडक्यांना प्लास्टिक आणि टेप, दाराखाली ओला टॉवेल."

"कधी?"

"आजच."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खरा सायरन झाला. आमच्या भागात काही पडलं नाही. सगळे त्या खोल्यांत सुखरूप होते.

गुहा मी ऑगस्टमध्ये पाहिली आणि जानेवारीत वापरायला काढली. तेव्हापासून कुठलीही जागा ज्या महिन्यात वापरायची, त्याच महिन्यात तपासतो. आणि प्लॅनचा कागद काढण्याआधी ड्रायव्हरबरोबर चहा घेतो.