उपरण्याखालचा तास

अनंताला त्याच्या कॉलेजने फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण शोकसभेत सगळे त्याच्या साध्या स्वभावावर भरभरून बोलले आणि यावर कुणी एक शब्द काढला नाही.

तो गेला त्या सकाळी मी आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीवर बोकड बघत होतो. वर रेंज नसते. टेम्पो पोलादपूरकडे उतरला आणि खिशातला फोन थरथरायचा थांबेना... अनंताच्या घरून, वहिनींचे सहा फोन येऊन गेले होते. मी लावला तर त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे मित्र गेले." महाड येईपर्यंत मागे बोकड ओरडत होते आणि पुढे मी ड्रायव्हरवर ओरडत होतो. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

आम्ही एकाच वाडीतले. मी सातवीतून शाळा सोडून शेळ्यांमागे गेलो, पुढे त्यांचाच व्यापारी झालो. अनंता शिकत गेला आणि महाडच्या कॉलेजात शिकवू लागला. निवृत्तीनंतरही दर शनिवारी तो हौसेने एक तास घ्यायचा. ऐकलेली गोष्ट तपासायची कशी आणि समोरच्याला पटेल असं बोलायचं कसं, हे शिकवायचा. मी चिडवायचो, "पोरांना भांडायलाच शिकवायचं तर माझ्याकडं पाठव की!" तो म्हणायचा, "तुला भांडता येतं, सख्या. पटवता नाय येत." मला राग यायचा. लोकांना पटवूनच तर मी पोट भरलं होतं.

एकदा तो माझ्याबरोबर घाटावरच्या जनावरांच्या बाजारात आला. तिथे जुने व्यापारी भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. अनंता दिवसभर तेच बघत उभा राहिला. परतताना गाडीत म्हणाला, "उपरण्याखाली तू ओरडत नायस रे. समोरच्याची बोटं काय म्हणतायत ते कळल्याशिवाय तुला पुढं जाताच येत नाय." आणि माझ्या खांद्यावरचं उपरणं काढून घेतलं.

पुढच्या शनिवारी मला वर्गात बोलावलं. बाकावर दोघं समोरासमोर, हात उपरण्याखाली. नियम एकच होता. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या मनासारखं मांडायचं. पटलं की तो बोट दाबणार, मगच आपली बाजू. माझ्यासमोर दासगावची एक मुलगी बसली. तिचं म्हणणं, नव्या लागवडीत शेळ्या सोडू नयेत. मी तीनदा जोरजोरात बोललो, पण तिचं बोट हललं नाही. "काका, हे तुमचंच झालं. माझं सांगा ना!" अख्खा वर्ग हसला, अनंता सगळ्यात जास्त. चौथ्यांदा मी हळू आवाजात म्हणालो, "रोपं दोन पावसाळे जगली तर डोंगर धरून ठेवतील. शेळ्या ती एका सकाळीत संपवतात." तिने बोट दाबलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं कुणी माझं बोट दाबलं नव्हतं.

याच मुलांनी गॅदरिंगला पाहुण्यांसमोर विचारलं की वाचनालय एक वाजता का बंद होतं. पोलादपूरकडच्या मुलांची एसटी चारला असते, तोवर त्यांना बसायला जागा नाही. आधी त्यांनी कॉलेजची अडचण मांडली, अगदी नीट, मग स्वतःची. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या माणसांनी माना खाली घातल्या. महिन्याभरात अनंताचा तास बंद करण्याचा विषय कॉलेजच्या समितीपुढे आला. गावकऱ्यांच्या वतीने मी त्या समितीवर होतो. आदल्या दिवशी अनंताने मला पढवलं, "आधी त्यांची भीती बोलून दाखव. मग आपलं." मी मान हलवली. बैठकीत प्राचार्य म्हणाले, "सर मुलांना उलट बोलायला शिकवतात," आणि मी टेबलावर हात आपटला, तोंडाला येईल ते बोललो, उठून निघून आलो. माझ्या पाठीमागे ठराव झाला.

शिपायाने मला ते सांगितलं. अनंताला कुणी सांगितलं नाही. प्राचार्य त्याला म्हणाले, "पुढच्या शनिवारी बघू, सर." दर शनिवारी हेच. तो उपरणं पिशवीत घालून दोन जिने चढायचा, कुलूप बघून उतरायचा. त्याचं हृदय अधू झालं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मीटिंगमधी काय झालं रे?" त्याने मला विचारलं. मी म्हणालो, "सगळ्यांना गप्प केलं." वाटलं होतं, सौदा अजून तुटलेला नाही, प्राचार्यांना मी वळवीन. अनंता माझ्या हाताकडे बघत राहिला...

तेराव्यानंतर वहिनींनी उपरणं परत दिलं. घडीत एक कागद होता. पुढच्या तासाच्या जोड्या, त्याच्या अक्षरात. शेवटची जोडी: सखाराम आणि प्राचार्य.

तर प्राचार्यसाहेब, आधी तुमचं म्हणणं. पाहुण्यांसमोर संस्थेची मान खाली गेली. वरून तुम्हाला जाब विचारला गेला, आणि नोकरी तुम्हालाही टिकवायची आहे. आजारी माणसाला तोंडावर नाही म्हणणं तुम्हाला जड गेलं. बरोबर मांडलं असेल तर बोट दाबा. आता माझं. मी तास वाचवायला गेलो आणि तो घालवून आलो, वर मित्राशी खोटं बोललो. हे मी वहिनींसमोर बसून कबूल केलं आहे. तुमचं राहिलं आहे. तास बंद झालाय हे माहीत असताना त्याला दर शनिवारी ते जिने का चढायला लावलेत?

शनिवारी उपरणं घेऊन येतो. ती खोली उघडून ठेवा. मी ओरडणार नाही. पण उत्तर घेतल्याशिवाय उठणारही नाही.