चालू गाडीला सेल्फ

गाडी घ्यायची ठरली तेव्हा बाबांची एकच अट होती: गाडी ते स्वतः चालवणार. ड्रायव्हर ठेवायचा नाही, मी हात लावायचा नाही, उद्या जावई आला तर त्यानेही गपचूप शेजारी बसायचं. भिवंडीत तीस वर्षं त्यांनी पॉवरलूममध्ये काढली होती. आधी जॉबर म्हणून, म्हणजे अडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस, आणि मग आमच्या गावी, भिवंडीला लागून असलेल्या शेलारला, घरामागे स्वतःचे आठ लूम टाकून. ते आठही लूम त्यांनी एका उन्हाळ्यात अचानक विकून टाकले आणि त्या पैशातून एक उंच गाडी घ्यायची म्हणाले. तरुणपणी सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, वाहणारा टेम्पो त्यांनी काही वर्षं चालवला होता. टेम्पोत बसलं की रस्ता वरून दिसायचा. ते सुख त्यांना म्हातारपणी परत हवं होतं.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. एसयूव्ही हा शब्द पेपरातून आमच्याकडे नुकताच आला होता आणि ज्याची जमीन गोदामाला गेली त्याच्या दारात तसलं एखादं धूड उभं राहायला लागलं होतं. आमच्या गल्लीत ते धूड वळलंच नसतं. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीपासून आमच्या पायरीपर्यंतचं अंतर मी टेपने तीनदा मोजलं होतं. म्हणून उंच पण लहान गाडी शोधायची होती, आणि तशा तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. त्यातल्या तीन मी निवडल्या.

निवडल्या म्हणजे रीतसर निवडल्या. मी जवळच्या वळ गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होते. आलेला माल आणि गेलेला माल ताडून बघणं हेच माझं दिवसभराचं काम, त्यामुळे तुलना करण्याबद्दल मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी तक्ता केला. अ‍ॅव्हरेज किती, जमिनीपासून उंची किती, केवढ्या जागेत वळते, स्टेपनी पाठीवर आहे की पोटात, सर्व्हिस सेंटर कल्याणला की ठाण्याला. तीन गाड्यांना तीन रकाने. त्याचा कागद काढून मी बाबांसमोर ठेवला आणि ओट्याशी चहा ढवळता ढवळता एकेक मुद्दा समजावून सांगितला. बाबा कागदाकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि आईला म्हणाले, "चा झाला का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ती काही पहिली वेळ नव्हती. कॉलेजात जायला लागल्यापासून मी बघत आले होते, बाबा माझं बोलणं मनावर घेत नसत. समोर उभी राहून बोलले तर हं हं करत. जरा पाठ फिरली, बाजूने किंवा आतल्या खोलीतून काही सांगितलं, की पालथ्या घड्यावर पाणी. शेजारचे टेम्पोवाले काका मात्र दारातून जाता जाता काहीतरी ओरडले तरी बाबा लगेच मान डोलवत. पुरुष बोलला की ते वाक्य, मी बोलले की तो वारा, असा मी त्याचा अर्थ लावला होता. घराला निम्मा पगार माझा लागत होता, तरी माझ्या मताला किंमत शून्य. आईकडे तक्रार केली की ती म्हणायची, "त्यांच्या म्होरं जाऊन बोल गो." म्हणजे मुलीने दरवेळी समोर हजेरी लावायची आणि मग अर्ज करायचा. याचासुद्धा मला राग यायचा.

पहिली गाडी आम्ही कल्याणच्या शोरूममध्ये बघितली. पेट्रोलची, फुगीर गालांची, माझ्या तक्त्यात सगळ्यात वर असलेली. टेस्ट ड्राइव्हला बाबा चालवायला बसले, मी शेजारी, मागे सेल्समन. बाबांनी चावी फिरवली, गाडी चालू झाली. मग त्यांनी पुन्हा चावी फिरवली. करर्र असा आवाज आला आणि सेल्समन मागून दचकून म्हणाला, "अंकल, चालू है, चालू है!" बाबांनी हात काढला. पुढच्या चौकात सिग्नलला थांबलो, इंजिन चालूच होतं, तरी निघताना त्यांनी परत तेच केलं. करर्र. सेल्समनने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी लाजेने अर्धी झाले. तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, आणि चालू गाडीला सेल्फ मारतो!

"या गाडीत जीव न्हाय," बाबा खाली उतरून म्हणाले.

"बटर जैसी चलती है, अंकल," सेल्समन म्हणाला.

"त्याच्या आयला, बटर खायाला घेतो का गाडी?"

संपलं. माझा पहिला रकाना बाद. घरी येईपर्यंत मी त्यांना पेट्रोल गाडीचे फायदे सांगत होते, रिक्षाच्या धडधडाटात, घसा बसेपर्यंत. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

दुसरी गाडी नाकारायचं कारण तर मला आजही सांगायला लाज वाटते. काचा लावून एसी चालू केला की कोंडल्यासारखं होतं, म्हणे. मग काचा खाली करा ना! त्या खाली केल्याच होत्या. खरं तर बाबा कुठल्याही गाडीत बसले की आधी काच खाली करत, मग धूळ येवो की डिझेलचा धूर. पण मन उठलं ते उठलं. पुन्हा महिना गेला. दसरा गेला, दिवाळी गेली. ऑफिसात लोक विचारायला लागले, "आली का गाडी?" मी माझ्याकडच्या दुसऱ्या कागदावर खाडाखोड करून करून तो फाटायला आणला होता. रात्री जेवताना मी पुटपुटत असे, की एवढं करून शेवटी यांना बैलगाडीच घ्यावी लागणार, तिच्यात जीव असतो. बाबा शांतपणे भाताचा गोळा मोडत. आई मात्र माझ्याकडे रागाने बघे.

तिसरी उरली होती, चौकोनी, डिझेलची. माझ्या तक्त्यात तळाला. उभी असताना अशी हलायची की डॅशबोर्डवर ठेवलेली माझी पर्स सरकत सरकत मांडीवर यायची. ती शोरूमवाल्यांनी थेट शेलारला आणून दाखवली. बाबांनी चावी फिरवली, तळहात डॅशबोर्डवर ठेवला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला चीडच आली. ज्या गाडीला मी पाचपैकी दोन गुण दिले होते ती यांना आवडणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

आम्ही वाडा रोडने नदीनाक्याकडे निघालो. मी पुढे, मागे आई आणि सेल्समन. हा सेल्समन चांगला आडदांड, ढोलासारख्या आवाजाचा. नाक्याजवळ नेहमीची कोंडी होती. बाबा डावीकडे घ्यायला लागले आणि मला आरशात दिसलं, की त्याच बाजूने एक बाई स्कूटरवरून येतेय, तिच्यापुढे शाळेचा गणवेश घातलेली मुलगी उभी. बाई सारखा हॉर्न मारत होती.

"बाबा, डावीकडे बघा," मी म्हणाले.

बाबा समोर बघत गाडी घेत राहिले.

"बाबा, थांबा! बाबा!"

मी चार वेळा ओरडले. माझ्या मागे आईही ओरडली. मग सेल्समनने घशाच्या तळातून "अंकल, रुको!" म्हटलं आणि बाबांनी त्या क्षणी ब्रेक मारला. स्कूटर आमच्या दाराला घासून पुढे गेली. बाईने मुलीला एका हाताने धरलं होतं. ती थांबलीसुद्धा नाही, फक्त वळून काहीतरी बोलली, आणि ती जे बोलली ते आमच्या लायकीचंच होतं.

बाबांनी गाडी कडेला घेतली. सेल्समन उतरून दारावरचा ओरखडा बघायला लागला. मीही उतरले, वळसा घालून त्यांच्या दारापाशी गेले आणि उघड्या काचेतून, तोंडासमोर तोंड नेऊन, इतक्या वर्षांचं सगळं ओकून टाकलं. "मी ओरडले, आई ओरडली, तेव्हा नाही थांबलात. परक्या माणसाने एकदा सांगितलं की लगेच ब्रेक? पोर मेली असती ती! घरातल्या बायका माणसं नाहीत का तुमच्या लेखी?"

बाबा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. सगळं संपेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "त्याचा आवाज जाड हाय. जाड आवाज येतो मना. तुजा न्हाय येत."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, हा आणखी एक बहाणा.

"आधी कुकरची शिटी गेली," बाबा म्हणाले. त्यांनी चावी काढून हातात घेतली होती. "मंग तुजी आय. मंग तू. तू कालेजात जायाला लागलीस त्या सुमारास."

आई मागच्या सीटवर पदर तोंडाला लावून बसली होती. तिला माहीत होतं. बोलण्याआधी ती बाबांच्या खांद्याला हात लावायची, त्यावरून शेजारणी तिला नव्या नवरीसारखी वागते म्हणून चिडवायच्या, आणि तीही हसून घ्यायची. आमच्याकडे कुणाला संशय येणार तरी कसा? लूमच्या खोलीत माणसाचा आवाज पोचतच नाही. तिथे सगळेच ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात, आणि बाहेर आल्यावर सगळेच ओरडून बोलतात. अर्ध्या शेलारचे कान गेलेले असले तरी ते एकमेकांना समजलं नसतं. मी तर त्यांच्याच घरात राहत होते.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं. आता माझा आवाज बसला होता, पण त्याने काही फरक पडत नव्हता.

"लूम बिघडला ते जॉबरला कानानं कळतं. कान गेला म्हनून सांगितलं तर मी कोन?" थोडं थांबून ते म्हणाले, "हात लावून बी कळायचं. काई वर्सं हातावर काढली. मंग तेबी चुकाय लागलं, तवा इकले."

म्हणून लूम विकले होते. म्हणून पेट्रोलच्या गाडीत जीव नव्हता. ती चालू आहे की बंद, हे त्यांना समजतच नव्हतं. म्हणून काचाही खाली लागत, बाहेरचे जाड आवाज तेवढे तरी आत यावेत. उंची, अ‍ॅव्हरेज, स्टेपनी सगळं मी मोजलं होतं, आणि ज्या माणसासाठी गाडी घ्यायची त्याला मात्र कधी नीट बघितलं नव्हतं. मला त्यांचा राग येत होता, आईचा राग येत होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. मी रस्त्यात उभी राहून रडले. ट्रकवाले बघत जात होते.

बाबांनी काचेतून हात बाहेर काढला आणि चावी माझ्या हातात दिली. अट त्यांचीच होती आणि मोडलीही त्यांनीच. त्यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही. उतरून पलीकडच्या सीटवर जाऊन बसल्यावर ते म्हणाले, "तुजा आवाज डोक्यात हाय माज्या. पन तो फ्रॉकमदला हाय. तू तोंड हलीवलंस का तोच लावून बगतो."

मी त्या वेळी सत्तावीस वर्षांची होते.

गाडी आम्ही चौकोनीच घेतली. तक्त्यात तळाला असलेली, पर्स मांडीवर आणून टाकणारी. माझी स्वतःची आवड विचाराल तर आजही ती पेट्रोलचीच. पण बाबा शेजारी बसले की डॅशबोर्डवर तळहात ठेवतात आणि गाडी चालू झाली हे त्यांना माझ्याआधी कळतं. कानाचं मशीनही आणलं. त्यात ताटवाट्या आदळल्यासारखा आवाज येतो म्हणून ते टीव्हीमागच्या डब्यात पडलं आहे. तो वाद चालूच आहे आणि त्यात मी हरते आहे.

मला वाटलं होतं, वरून रस्ता बघायची त्यांची हौस निदान शेजारी बसून तरी पुरी होईल. तेही झालं नाही. गाडीत बसले की बाबा सीटवर तिरके होतात आणि अंजूरफाट्यापर्यंत रस्त्याकडे एकदाही न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी काही बोलेन, ते चुकायला नको. त्यांच्या डोक्यामुळे मला डावीकडचा आरसा दिसत नाही. दर वळणावर माझी चिडचिड होते आणि मी खेकसते, "बाबा, मान मागे घ्या!"

ते लगेच मान मागे घेतात. आता मला कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.