डाव्या बाजूचं मागचं दार

मंचरच्या एका कांदा व्यापाऱ्याने वापरून वापरून विकायला काढलेली पांढरी गाडी मी घेतली, ती नव्वदचं दशक सरता सरता. आईला तिचं कोण कौतुक! दर दसऱ्याला गाडी धुतली की चारही दारांना हळदकुंकू लावायची, काचांवर अक्षता टाकायची, झेंडूच्या पाकळ्या उधळायची. मागच्या डाव्या दाराशी तिचा हात जरा जास्तच सढळ. "माझी बसायची जागा हाय ती," म्हणायची.

काही वर्षांनी नेमकं तेच दार अडकलं. आतून खटका ओढा, बाहेरून हँडल उपसा, ढिम्म हलत नव्हतं. माझं डोकं तापट. मी आईवरच घसरलो, "तू आपटतेस म्हणून झालं हे!" ती उजव्या दाराने आत शिरून सरकत सरकत आपल्या जागेवर बसायला लागली. मी जुन्नरच्या कचेरीत कारकून. सकाळी गाडी काढायची आणि सुटायचं. दुरुस्ती आज करू, उद्या करू. माझं दार उघडत होतं ना, मग मला कसली घाई?

मग एका थंडीत आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, पहिले काही महिने व्यायाम चुकवू नका, तरच हातपाय परत येतील. व्यायाम करून घेणारा दवाखाना नारायणगावला, हायवेला लागून. आठवड्यातून तीनदा न्यायचं ठरलं.

दवाखान्यासमोर गाडी लावली की डावं दार बरोबर पायरीशी यायचं. पण ते बंद. पुढच्या सीटवर ती कलंडायची, म्हणून मागेच उशा लावून बसवावं लागायचं. उजवं उघडायचं हायवेवर, आणि तिथून टमाट्याच्या गाड्या, जीपा सुसाट चाललेल्या. सरकायला आईच्या अंगात आता जोर नव्हता. मी तिच्या काखेत हात घालून तिला सीटवरून ओढायचो. लुगडं गुडघ्यावर जायचं. जन्मभर डोईवरचा पदर न ढळू दिलेली बाई चांगल्या हाताने लुगडं खाली ओढत राहायची आणि पायरीवर बसलेली माणसं बघत राहायची.

एकदा मागून जीपवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला. "ओ भाऊ, दार लावा की राव!" मी चिडलो, आणि राग काढला कुणावर? "आई, जरा सरक की! अंग काय सोडून देतेस?" अर्धं अंग गेलेल्या बाईला मी हे म्हणालो. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढच्या खेपेला ती उठलीच नाही. "मी न्हाई यायची. लोकांम्होरं वढून काढतोस मला."

"बरं, राहू दे आजच्या दिवस," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मनातून मला सुटल्यासारखं वाटलं. आजच्या दिवसाचे महिने झाले. तिचा हात कोपरात आखडला तो आखडलाच. पाय उचलेनासा झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली.

दार दुरुस्त केलं ते गाडी विकायची ठरली तेव्हा. गिऱ्हाईक म्हणालं, चारी दारं उघडली पाहिजेत. मिस्त्रीने सीटवर गुडघे टेकून दाराचं आतलं कव्हर काढलं आणि हसला. "पावणं, दारात देव्हारा केलाय का?" तळाशी काळ्या पडलेल्या पाकळ्या आणि अक्षतांचा लगदा. काचेच्या फटीतून वर्षानुवर्षं आत पडलेला. पाणी निघून जायची भोकं त्याने बुजली होती, पाणी आत साचून लॉक गंजलं होतं. त्याने लगदा काढला, लॉक घासलं, तेल सोडलं. दार उघडलं. आई ते कधी आपटत नव्हती. हळूच लावायची, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

घरी येऊन मी तिच्या उशाशी बसलो. पाकळ्यांचं सांगायची छाती झाली नाही. एवढंच म्हणालो, "आई, तुझं दार उघडलं बघ."

"लई येळ लागला का रं?"

"नाही. अर्धा तास."

"अर्धाच तास," ती म्हणाली, आणि चांगल्या हाताने आखडलेला हात उचलून पोटावर घेतला.